दोरिया शफीक : मताचा हक्क आणि बोलण्याचा हक्क

वांद्रे पूर्वेला अली यावर जंग मार्ग आहे. पश्चिमेला रेक्लमेशनच्या बाजूला श्रवणदोष असलेल्यांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिलाही त्यांचेच नाव आहे. १९७० ते १९७६ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले, एवढे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. माझीही माहिती तेवढीच होती. सुएझच्या पेचप्रसंगात भारताने घेतलेल्या भूमिकेविषयी वाचताना मला कळले की, १९५४ ते १९५८ ही चार वर्षे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. त्याच वाचनात एक प्रसंग समोर आला आणि मूळ विषय बाजूलाच राहिला.

६ फेब्रुवारी १९५७ रोजी एक इजिप्शियन बाई कैरोतल्या भारतीय दूतावासात आल्या आणि त्यांनी तिथेच आमरण उपोषण सुरू केले. वय अठ्ठेचाळीस. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाच्या डॉक्टरेट, मासिकाच्या संपादक, दोन मुलींची आई. नाव दोरिया शफीक. त्यांच्या निवेदनात दोन मागण्या होत्या. पहिली मागणी जगाकडे होती : इस्रायलने इजिप्तच्या भूमीवरून ताबडतोब माघार घ्यावी आणि अरब निर्वासितांचा प्रश्न न्याय्य रीतीने सुटावा. दुसरी स्वतःच्या सरकारकडे होती : इजिप्तच्या स्त्री-पुरुषांना त्यांचे संपूर्ण स्वातंत्र्य परत द्यावे आणि देशाला दिवाळखोरीकडे व अनागोंदीकडे नेणारी हुकूमशाही संपवावी. पहिली मागणी त्या वेळी कैरोतल्या कोणाही माणसाने केली असती. दुसरी जाहीरपणे करणारे माणूस शोधून सापडले नसते.

ही बाई कोण, तिने आपलाच दूतावास का निवडला आणि पुढे तिचे काय झाले, या तीन प्रश्नांच्या मागे जाताना हा लेख तयार झाला.

तांता ते पॅरिस

दोरिया शफीक यांचा जन्म १४ डिसेंबर १९०८ चा, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तांता या गावचा. त्याच वर्षी कासिम अमीन वारले. इजिप्तमध्ये स्त्रियांच्या शिक्षणाची आणि पडद्याबाहेर येण्याची बाजू मांडणारे त्यांचे पुस्तक १८९९ मध्ये निघाले होते आणि त्यावर तिथे मोठे वादळ उठले होते. आपल्याकडे आगरकरांच्या लेखनाने जे वादळ उठवले, त्याच जातीचे ते होते असे म्हणता येईल.

वडील सरकारी नोकरीतले इंजिनिअर. दोरिया शाळेत असतानाच आई गेली. शिक्षण फ्रेंच जोगिणींच्या शाळेत झाले. मुलींना पुढे शिकायचे तर वाट फार अरुंद होती. नबविया मूसा या पहिल्या मुलीने १९०७ मध्ये माध्यमिक शिक्षणाची अंतिम परीक्षा दिली, तेव्हा ती इजिप्तमध्ये बातमी ठरली होती. दोरियांनी ती परीक्षा लहान वयात आणि देशातल्या पहिल्या काही जणांत येऊन दिली. पुढे परदेशी शिकायचे होते आणि घरची ऐपत नव्हती. मग त्यांनी थेट हुदा शारावींना पत्र लिहिले.

हुदा शारावी हे इजिप्तच्या स्त्री चळवळीतले सर्वांत मोठे नाव. मोठ्या जमीनदार घराण्यातल्या, तेराव्या वर्षी लग्न झालेल्या. १९१९ च्या ब्रिटिशविरोधी उठावात त्यांनी पडद्यातल्या बायकांचा मोर्चा रस्त्यावर आणला. १९२३ मध्ये त्यांनी इजिप्शियन स्त्री संघ स्थापन केला आणि त्याच वर्षी रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेहून परतताना कैरोच्या रेल्वे स्थानकावर चेहऱ्यावरचा बुरखा दूर केला. या बाईंनी अनोळखी मुलीच्या पत्राची दखल घेतली, शिक्षण खात्याकडे शब्द टाकला आणि १९२८ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर दोरिया पॅरिसला गेल्या. निघण्यापूर्वी कैरोत कासिम अमीन यांच्या विसाव्या स्मृतिदिनाच्या सभेत त्यांनी भाषण केले. जाहीर व्यासपीठावरचे ते त्यांचे पहिले बोलणे.

पॅरिसच्या शिक्षणाला १९४० मध्ये डॉक्टरेट मिळून पूर्णविराम मिळाला. तिथल्या पद्धतीप्रमाणे प्रबंध दोन होते. एक प्राचीन इजिप्तच्या कलेवर, दुसरा आधुनिक इजिप्तमधली स्त्री आणि धार्मिक कायदा यावर. दुसऱ्यातले प्रतिपादन त्यांना आयुष्यभर पुरले. इस्लाम स्त्रीला बरोबरीचे स्थान नाकारत नाही, नाकारतात ते धर्माचा अर्थ लावणारे पुरुष, असे ते थोडक्यात सांगता येईल. त्या धर्म सोडून बोलत नव्हत्या, धर्माच्या आतूनच युक्तिवाद करत होत्या, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी फार क्वचित लक्षात घेतली.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. सुट्टीवर आल्या असताना त्यांनी १९३५ मध्ये अलेक्झांड्रियात सौंदर्यस्पर्धेत भाग घेतला आणि दुसऱ्या आल्या. घरंदाज मुस्लिम मुलीने असे करणे म्हणजे त्या काळी मोठाच गहजब होता. एक लग्न झाले आणि लवकरच मोडले. नंतर पॅरिसमध्येच कायद्याचा अभ्यास करणाऱ्या नूरुद्दीन रगाई या नात्यातल्या तरुणाशी १९३७ मध्ये विवाह झाला. त्यांना अझीझा आणि जिहान या दोन मुली झाल्या.

डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या बाईंना कैरो विद्यापीठाने अध्यापक म्हणून घेतले नाही. इतकी आधुनिक आणि इतकी देखणी बाई मुलांच्या वर्गावर नको, असा तिथल्या प्रमुखांचा सूर होता. मग शाळेत शिकवणे, शिक्षण खात्यात फ्रेंच भाषेच्या तपासनीसाची नोकरी, असे चालले. विद्यापीठाची दारे उघडली असती तर एक विद्वान प्राध्यापिका झाली असती आणि कदाचित राजकारण वाचले असते, असे मला हे वाचताना वाटले.

मासिकातून मोर्चाकडे

१९४५ मध्ये राजघराण्यातल्या शिवेकार या राजकन्येने त्यांना एका फ्रेंच मासिकाचे संपादन दिले. गुळगुळीत कागदावरचे, उच्चभ्रूंचे मासिक. त्यावर टीका झाली, तेव्हा दोरियांनी त्याच वर्षी स्वतःचे अरबी मासिक काढले. त्याचे नाव ‘बिंत अल-नील’, म्हणजे नाईलची लेक. पाककृती, मुलांचे संगोपन, कपडे यांच्या शेजारी घटस्फोट, बहुपत्नीत्व, मताधिकार यांवर लेख असत. मध्यमवर्गीय घरात मासिक जायला हवे तर ते असेच काढावे लागते. ‘स्त्री’ मासिकाच्या जुन्या वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल.

१९४७ च्या डिसेंबरात हुदा शारावी वारल्या. पुढच्याच वर्षी दोरियांनी मासिकाच्याच नावाने संघटना काढली. कैरोच्या बुलाक या गरीब वस्तीत प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग, नोकरी मिळवून देणारे केंद्र, स्वस्त खाणावळ अशी कामे संघटनेने केली. पण दोरियांचे मत हळूहळू पक्के होत गेले की, ही मलमपट्टी आहे. कायदे करणाऱ्या सभागृहात बायका नाहीत तोवर कायदे बदलणार नाहीत. १९२३ ची राज्यघटना सांगत होती की, सर्व इजिप्शियन कायद्यापुढे समान आहेत. निवडणुकीचा कायदा मात्र मत फक्त पुरुषांना देत होता. त्यांचा प्रश्न सरळ होता : इजिप्शियन या शब्दात आम्ही येतो की नाही?

१९ फेब्रुवारी १९५१ ची दुपार. कैरोतल्या अमेरिकन विद्यापीठाच्या युअर्ट सभागृहात सुमारे दीड हजार बायका जमल्या. बाहेर सांगितले होते की, स्त्रियांचा मेळावा आहे. आतल्या काही जणींनाच बेत ठाऊक होता. दोरियांनी व्यासपीठावरून जाहीर केले की, आपण इथून संसदेवर जायचे आहे. संसद जवळच होती, काही मिनिटांच्या अंतरावर. फाटकावरच्या पहाऱ्याला काय चालले आहे ते कळेपर्यंत बायका आवारात शिरल्या होत्या. मागण्या तीन : मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क, विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यात सुधारणा, समान कामाला समान वेतन. काही तास त्या तिथून हलल्या नाहीत. वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी मागण्या विचारात घेण्याचे तोंडी आश्वासन दिले, तेव्हा त्या परतल्या.

आश्वासनाचे काही झाले नाही. दोरियांवर खटला मात्र झाला. त्यांची बाजू मुफीदा अब्दुल रहमान यांनी मांडली, इजिप्तमधल्या अगदी पहिल्या महिला वकिलांपैकी एक आणि नऊ मुलांची आई. न्यायालय बायकांनी भरून गेले. खटला पुढे ढकलला गेला आणि तसाच बारगळला. पुढच्या वर्षी जानेवारीत याच बायकांनी कैरोतल्या बार्कलेज या ब्रिटिश बँकेच्या शाखेला वेढा घालून ती बंद पाडली. स्त्रीचे हक्क आणि देशाचे स्वातंत्र्य हे दोन वेगळे लढे आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते, हे शेजारी ठेवून पाहावे. दोरियांचा मोर्चा निघाला त्याच वर्षी ऑक्टोबरात भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. मुंबई इलाख्यात काही मोजक्या स्त्रियांना मताचा हक्क १९२१ मध्येच मिळाला होता. १९५० च्या घटनेने तो सर्व प्रौढांना दिला, शिक्षणाची वा मालमत्तेची अट न घालता. तरी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. बैलजोडीचे चित्र असलेल्या पेटीत मत टाकून आल्यावर ती बोटावरची शाई आठवडाभर जपत होती, असे आई सांगायची. कैरोतल्या डॉक्टरेट मिळवलेल्या बाईला तेव्हा मत नव्हते.

क्रांती आणि उपोषण

२३ जुलै १९५२ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी इजिप्तची सत्ता घेतली. राजा फारूक देश सोडून गेला. दोरियांनी क्रांतीचे स्वागत केले आणि आपल्या संघटनेची राजकीय पक्ष म्हणून नोंदणीही केली. पण जानेवारी १९५३ मध्ये सगळेच पक्ष बरखास्त झाले. त्याआधी, क्रांतीच्या महिनाभर अगोदर, अल-अझहरच्या फतवा समितीने स्त्रियांना संसदेत स्थान नको असा निर्वाळा दिला होता. नव्या राज्यकर्त्यांनी तो फेटाळला नाही आणि स्वीकारलाही नाही.

नवी राज्यघटना बनवणाऱ्या समितीत एकही स्त्री नाही, हे स्पष्ट झाल्यावर १२ मार्च १९५४ रोजी दोरिया कैरोच्या पत्रकार संघाच्या इमारतीत जाऊन उपोषणाला बसल्या. काही सहकारी त्यांच्यासोबत बसल्या, अलेक्झांड्रियातही काही जणींनी उपोषण सुरू केले. ज्या समितीच्या निवडीत आम्हांला मत नव्हते, तिने केलेली घटना आम्ही मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष नगीब आणि नासर यांच्यातला सत्तासंघर्ष शिगेला पोहोचला होता. आठवडाभराहून अधिक काळ उपोषण चालले. रुग्णालयात हलवल्यावरही दोरियांनी अन्न घेतले नाही. अखेर कैरोच्या गव्हर्नरमार्फत नगीब यांचा निरोप आला की, नवी घटना स्त्रियांच्या हक्कांची कदर करील. निरोप लेखी घेतल्यावरच उपोषण सुटले.

वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. अत्तर लावणारी पुढारीण, चॉकलेटे वाटणारी पुढारीण, अशी नावे पडली. त्यांच्या फ्रेंच उच्चारांवर, टोप्यांवर, नीटनेटक्या पोशाखावर व्यंगचित्रे निघाली. या टीकेत तथ्याचा अंशही होता. दोरिया वरच्या वर्गात वावरत, कविता फ्रेंचमध्ये लिहीत, पॅरिसमध्ये छापत. शेतमजूर बाईपर्यंत त्यांची चळवळ पोहोचली नव्हती. डाव्या विचारांच्या स्त्रिया त्यांना बाहुली म्हणत, धर्मनिष्ठ गट त्यांना परकी म्हणत. पण जी बाई आठ-आठ दिवस उपाशी राहते, तिला केवळ शोभेची म्हणता येत नाही. वेशभूषेवरून स्त्री पुढाऱ्याची किंमत करण्याची सवय कैरोपुरती नाही, हे वेगळे सांगायला नको.

या उपोषणाने त्यांचे नाव जगभर गेले. १९५४ च्या अखेरीस त्या जगाच्या दौऱ्यावर निघाल्या. युरोप, अमेरिका, जपान, श्रीलंका, पाकिस्तान असा हा प्रवास होता आणि त्यात भारतही होता.

हक्क आला, तोही अटींसह

जानेवारी १९५६ मध्ये नवी राज्यघटना जाहीर झाली आणि तिने इजिप्तच्या स्त्रियांना मताचा व निवडणूक लढवण्याचा हक्क दिला. दोरियांचा विजय झाला, असे आज शालेय पुस्तकात लिहिता येईल. तपशील पाहिला की चित्र बदलते. पुरुषांची नावे मतदारयादीत आपोआप येणार होती. स्त्रीला मात्र स्वतः अर्ज करायचा होता आणि तिला लिहिता-वाचता येणे आवश्यक होते. निरक्षर पुरुषाला अशी अट नव्हती. देशातल्या बहुसंख्य बायका निरक्षर होत्या. साहजिकच पहिल्या यादीत नाव नोंदवलेल्या स्त्रियांची संख्या दीड लाखांपर्यंतही गेली नाही. पुरुषांची पन्नास लाखांच्या पुढे होती. अर्जाची ही अट १९७९ मध्ये गेली.

दोरियांनी या अटीचा निषेध केला. पण त्यांची अस्वस्थता त्याहून खोल होती. पक्ष एकही उरला नव्हता. वृत्तपत्रांवर सरकारचे नियंत्रण होते. संसदेसाठी उभे राहणाऱ्यांची नावे आधी सत्ताधाऱ्यांची समिती तपासणार होती आणि नको असलेली गाळणार होती. मत मिळाले, पण ते कोणाला द्यायचे हे वरून ठरणार होते. १९५१ मध्ये त्या संसदेचे फाटक ओलांडून आत गेल्या, तेव्हा आतली संसद भ्रष्ट का होईना, भांडता येईल अशी होती. आता फाटक उघडले होते आणि आत भांडायलाच बंदी होती.

याच काळात नासर यांची लोकप्रियता कळसाला पोहोचली. जुलै १९५६ मध्ये त्यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबर अखेरीस इस्रायलने आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सने हल्ला केला. जगाचा दबाव आला आणि डिसेंबरात ब्रिटिश व फ्रेंच सैन्य परतले. इस्रायली सैन्य मात्र सिनाईच्या काही भागात आणि गाझात मार्च १९५७ पर्यंत होते. लष्करी पराभव असूनही नासर अरब जगाचे नायक झाले. अशा वेळी त्यांना हुकूमशहा म्हणणे हा देशद्रोह वाटावा, हे समजण्यासारखे आहे. दोरियांनी ते नेमके त्याच वेळी म्हटले.

भारताचा दूतावास

त्यांनी भारताची निवड का केली? त्यांनी स्वतः दिलेले कारण असे की, भारत तटस्थ देश आहे. पाश्चात्त्य देशाच्या दूतावासात गेल्या असत्या तर त्यांच्यावर शत्रूशी हातमिळवणीचा आरोप झाला असता, सोव्हिएत दूतावासात गेल्या असत्या तर कम्युनिस्टांचा शिक्का बसला असता. यापुढचा तर्क माझा. १९५५ ची बांडुंग परिषद, १९५६ च्या जुलैतली ब्रिओनीची नेहरू-टिटो-नासर भेट आणि सुएझच्या वेळी भारताने घेतलेली इजिप्तची बाजू यांमुळे नेहरूंच्या शब्दाला नासर यांच्याकडे वजन होते. गाझात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान होते. शिवाय उपोषण हे हत्यार कोणत्या देशाला समजावून सांगावे लागणार नाही, याचाही त्यांनी विचार केला असावा.

भारताच्या दृष्टीने मात्र हा पाहुणा अवघड होता. मित्र राष्ट्राच्या राजधानीत, मित्र राष्ट्राच्या प्रमुखाविरुद्ध, आपल्याच छपराखाली उपोषण. हाकलून द्यावे तर गांधींच्या देशाची शोभा होते, पाठिंबा द्यावा तर नासर दुखावतात. दोरियांच्या चरित्रकार सिंथिया नेल्सन यांच्या लेखनातून एक गोष्ट पुढे येते. नेहरूंनी नासर यांच्याकडे शब्द टाकला, म्हणून त्या तुरुंगात गेल्या नाहीत. त्यांना घरात नजरकैदेत ठेवण्यात आले. भारत याहून पुढे गेला नाही. दोरियांचा जीव आणि तुरुंगवास वाचला, त्यांची दुसरी मागणी मात्र आपल्या परराष्ट्र धोरणाच्या कक्षेबाहेर राहिली. तो काळ आणि ती मैत्री लक्षात घेता वेगळे काही घडले असते असे मला वाटत नाही. पण आपल्या परराष्ट्र धोरणाच्या इतिहासात त्याची नोंद राहावी, एवढे नक्की वाटते.

खरा घाव घरातून आला. त्यांच्याच संघटनेतल्या सहकाऱ्यांनी त्यांचा राजीनामा मागितला आणि जाहीर पत्रक काढून त्यांना देशद्रोही ठरवले. इतर स्त्री संघटनांनी, डाव्या स्त्री नेत्यांनीही, त्यांच्यापासून अंग काढून घेतले. त्यांची मासिके बंद झाली. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव छापण्यास मनाई झाली. ही शेवटची शिक्षा सर्वांत परिणामकारक ठरली.

सहकाऱ्यांना सरसकट भित्र्या म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या : परकीय आक्रमणातून नुकताच सावरलेला देश आणि नुकताच हाती आलेला मताचा हक्क. दोन्ही एका बाईच्या हट्टापायी धोक्यात घालायचे का, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. पण राज्यसत्तेने त्यांनाही फार काळ सोडले नाही. स्त्री चळवळीतल्या डाव्या नेत्या आणि चित्रकार इंजी अफलातून १९५९ मध्ये तुरुंगात गेल्या आणि चार वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या.

एकच वर्ष, दोन बाया

१९५७ च्या जुलैत नव्या संसदेची निवडणूक झाली. सुएझच्या लढाईत सैन्यात कॅप्टन म्हणून काम केलेल्या रवया अतिया निवडून आल्या. अलेक्झांड्रियातून अमीना शुक्री आल्या. इजिप्तच्याच नव्हे, तर अरब जगाच्या संसदेतल्या या पहिल्या स्त्रिया. अतिया यांना सभागृहात कुचेष्टा सोसावी लागली, तरी त्यांनी नेटाने काम केले. दोन वर्षांनी त्या हरल्या. १९५९ मध्ये इराकमध्ये नझीहा अल-दुलैमी मंत्री झाल्या, अरब जगातल्या पहिल्या. १९६२ मध्ये हिकमत अबू झैद इजिप्तच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. शिक्षण, नोकऱ्या, प्रसूती रजा यांत नासर यांच्या राजवटीने स्त्रियांसाठी पुष्कळ केले, हे मान्य करायलाच हवे.

ज्या वर्षी पहिल्या दोघी संसदेत बसल्या, त्याच वर्षी त्या संसदेच्या फाटकातून बायकांना पहिल्यांदा आत नेणारी बाई घरात कोंडलेली होती. आधी मला हा दैवदुर्विलास वाटला होता. जसजसे वाचत गेले तसे लक्षात आले की, दोन्ही घटना एकाच धोरणाच्या आहेत. राज्यसत्ता स्त्रियांना हक्क देणार होती, पण देणारी तीच आहे हे ठसवून. मागून, भांडून, फाटक ओलांडून हक्क मिळतात असे दाखवणारी बाई त्या चित्रात बसत नव्हती. संघटनाही पुढे सरकारी छत्राखाली आल्या. हुदा शारावींनी काढलेला स्त्री संघसुद्धा १९५६ मध्ये बरखास्त होऊन त्याची केवळ धर्मादाय संस्था उरली.

अठरा वर्षांची शांतता

नजरकैद पुढे ढिली झाली, पण दोरिया समाजात परतल्या नाहीत. कैरोच्या झमालेक भागातल्या घरात त्या वाचत आणि लिहीत राहिल्या. आठवणी लिहिल्या, कविता लिहिल्या, कुराणाच्या भाषांतराचे काम केले. पतीलाही राजवटीचा त्रास झाला आणि १९६८ मध्ये घटस्फोट झाला. लेकी आणि नातवंडे यांखेरीज त्यांच्याकडे फारसे कोणी जात-येत नसे. १९७० मध्ये नासर वारले, सादात आले. बाईंना बोलवायला कोणी आले नाही. २० सप्टेंबर १९७५ रोजी घराच्या बाल्कनीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी आपणहून जीवन संपवले, असेच मानले गेले.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. मेक्सिको शहरात संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ज्या वर्तमानपत्रांनी अठरा वर्षे त्यांचे नाव टाळले होते, त्यांना आता मृत्यूची बातमी द्यायला हरकत नव्हती.

आणि ज्या देशाच्या दूतावासात त्या स्वातंत्र्य मागायला गेल्या होत्या, त्या आपल्या देशात त्या दिवशी आणीबाणीचा तिसरा महिना चालू होता. वर्तमानपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी होती, हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. पंतप्रधानपदी स्त्री होती आणि मताचा हक्क कागदावर शाबूत होता. महाराष्ट्राच्या राजभवनात अली यावर जंगच राज्यपाल होते. दोरियांची दुसरी मागणी आम्हांला अठरा वर्षांनी समजण्याजोगी झाली होती.

त्या वर्षीच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, सत्तेतली माणसे समोर असताना, तुरुंगवास भोगलेल्या आणि आजारी असलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सभेला उभे केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. दुर्गाबाईंच्या वाट्याला मात्र विस्मृती आली नाही. १९७७ मध्ये निवडणूक झाली, सरकार बदलले आणि त्यांचे नाव छापायला कोणाची परवानगी लागली नाही. आपल्या बायकांचे धैर्य दोरियांहून जास्त होते, असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच की, इथे मताच्या मागे पक्ष, न्यायालये, वर्तमानपत्रे आणि रस्त्यावरची माणसे जखमी अवस्थेत का होईना शिल्लक होती. त्यामुळे एकोणीस महिन्यांनी निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा मताला अर्थ होता.

दोरियांना इजिप्तने पुन्हा शोधले ते फार उशिरा. नेल्सन यांचे चरित्र १९९६ मध्ये आले, मग अरबीत लिहिले जाऊ लागले. २०११ च्या जानेवारीत कैरोच्या तहरीर चौकात लाखो माणसे जमली. १९५१ ची ती सभा झाली, ते युअर्ट सभागृह याच चौकाला लागून आहे. चौकात उभ्या असलेल्या मुलींपैकी किती जणींना ते ठाऊक होते, हा प्रश्न मी विचारणार नाही, कारण अली यावर जंग मार्गावरून कित्येक वर्षे जाता-येता मलाही काही ठाऊक नव्हते. आता त्या रस्त्याने जाताना पाटी दिसली की, कैरोतल्या आपल्या दूतावासात उपाशी बसलेली, नीटनेटक्या पोशाखातली ती बाई आठवते. तिच्या हातातल्या निवेदनात मागण्या दोन होत्या. पहिलीवर आपल्या देशाने जगाच्या व्यासपीठावर जोरदार भाषणे केली. दुसरी वाचून बाजूला ठेवली.